पतीने कौटुंबिक हिंसाचाराच्या आदेशाविरुद्ध ‘क्रिमिनल अपील’ केले आहे. माझी पोटगी थांबेल का?

आपल्या प्रश्नातून मला समजले ते असे: सांगली जिल्ह्यातील प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी आपल्याला व मुलीला मिळून दरमहा 9,000 रुपये पोटगी मंजूर केली, राहत्या घरातून काढू नये असाही आदेश दिला, आणि आता पतीने सत्र न्यायालयात केलेल्या अपिलाची नोटीस आपल्या हाती आली आहे. आपण आरोपी झालात का आणि पोटगी बंद झाली का, हे दोन प्रश्न आपण विचारले आहेत. मी वकील म्हणून अशी अपिले दोन्ही बाजूंनी चालवली आहेत. दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे, मात्र दुसऱ्या ‘नाही’ला एक अट आहे.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 याच्या कलम 29 खाली न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध सत्र न्यायालयात अपील करता येते. मूळ अर्ज फौजदारी न्यायालयात चालला म्हणून अपिलालाही फौजदारी क्रमांक पडतो. आपण त्यात केवळ उत्तरवादी, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अपील केले आहे तो पक्षकार, आहात. पुष्कळदा राज्य शासनालाही पक्षकार केलेले असते, आणि त्यामुळे सरकारी वकील आपली बाजू मांडतील असे अनेक महिला गृहीत धरतात. तसे होत नाही. आपला वकील आपणच द्यावा लागतो, आणि ते परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 याच्या कलम 12 नुसार महिलेला उत्पन्नाची मर्यादा न लावता मोफत वकील मिळतो.

आता त्या अटीविषयी. नुसते अपील दाखल झाल्याने मूळ आदेश थांबत नाही. त्यासाठी सत्र न्यायालयाने स्वतंत्रपणे स्थगिती द्यावी लागते. म्हणून नोटिशीसोबत स्थगितीचा अर्ज जोडला आहे का, हे आजच पाहावे, कारण अपिलाचा अंतिम निकाल लागायला दीर्घ काळ जातो आणि तोवर हातात पैसे येणार की नाही हे त्या दोन पानी अर्जावर ठरते. पहिल्या तारखेला हजर राहून आपल्या वकिलामार्फत त्यावर लेखी म्हणणे द्यावे आणि स्थगिती द्यायचीच झाली तर थकबाकीची ठरावीक रक्कम न्यायालयात भरण्याच्या व चालू पोटगी नियमित देण्याच्या अटीवरच द्यावी, अशी विनंती करावी. न्यायालये अशी अट सहसा घालतात, पण ती मागायला समोर कोणीतरी उभे असावे लागते. स्थगिती नसेल तर थकबाकी वसुलीचा अर्ज मूळ न्यायालयात करता येतो, आणि पती नोकरीत असल्यास कौटुंबिक हिंसाचार अधिनियमाच्या कलम 20 नुसार ती रक्कम परस्पर पगारातून देण्याचा आदेश मालकाला देता येतो.

अपिलात पती काय म्हणेल याचा अंदाज बांधणे अवघड नाही: पत्नी कमावती आहे, माझे उत्पन्न तेवढे नाही, आणि घर माझ्या आईच्या नावावर आहे. यातला तिसरा मुद्दा आता पूर्वीइतका जोरकस राहिलेला नाही, कारण पतीचा त्यात मालकीहक्क नसला तरी नातेवाइकांचे घर ‘सामायिक घर’, म्हणजे जिथे राहण्याचा हक्क पत्नी मागू शकते असे घर, ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 15 ऑक्टोबर 2020 च्या निकालात स्पष्ट केले आहे. मात्र आपण तिथे पतीसह खरोखर संसार केला होता, हे दाखवावे लागते. उत्पन्नाच्या मुद्द्यावर मात्र गाफील राहू नये. त्याच वर्षी 4 नोव्हेंबरच्या निकालाने पोटगीच्या प्रकरणात दोन्ही पक्षांनी मालमत्ता व दायित्वांचे शपथपत्र देणे बंधनकारक केले, आणि ते खालच्या न्यायालयात दाखलच झाले नव्हते एवढ्या कारणावरून प्रकरण फेरसुनावणीसाठी परत गेल्याची उदाहरणे आहेत. आपले शपथपत्र दाखल आहे का, हे मूळ प्रकरणाच्या रोजनाम्यावरून (न्यायालयातील तारखांच्या कामकाजाच्या नोंदीवरून) तपासावे. आपण शिवणकाम करून थोडे कमावता असे लिहिले आहे. ते लपवू नये. लपवलेले तीन हजार उलटतपासणीत बाहेर आले की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

9,000 रुपये कमी वाटत असतील, तर पतीच्या अपिलात केवळ तोंडी तशी मागणी करण्यावर विसंबू नये. स्वतःचे स्वतंत्र अपील करावे. आदेश बजावल्यापासून मुदत 30 दिवसांची आहे. ती उलटली असल्यास विलंब माफीचा अर्ज कारणांसह सोबत द्यावा. दोन्ही अपिले मग एकत्र ऐकण्याची विनंती करता येते.

सत्र न्यायालयाचा निकाल विरोधात गेला, तर पुढची वाट उच्च न्यायालयात पुनरीक्षण अर्जाची (निकाल कायद्याला धरून आहे का, हे तपासण्याच्या अर्जाची) आहे, आणि सांगली जिल्ह्यासाठी ऑगस्ट 2025 पासून ती मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जाते, म्हणजे मुंबईची खेप वाचते. तिथे पुरावा नव्याने तोलला जाण्याची शक्यता कमी असते, त्यामुळे बँकेचे उतारे, मुलीच्या शाळेच्या पावत्या, औषधोपचाराचे कागद असे जे काही मूळ प्रकरणात द्यायचे राहिले असेल, ते अतिरिक्त पुरावा म्हणून सत्र न्यायालयापुढेच आणण्याबाबत वकिलांशी पहिल्याच भेटीत बोलावे.