‘प्रार्थना करतो, तरी मन उभारी धरत नाही’

“ताई, रोज प्रार्थना करूनही मन खचलेलंच राहतं. माझा विश्वासच कमी पडतो का?” चर्चच्या पाळकांपासून कॉलेजातल्या मुलींपर्यंत हा प्रश्न मी समुपदेशनात इतक्यांदा ऐकलाय की समोरचा चाचरू लागला, की पुढचं वाक्य मला कळतं. (ख्रिस्ती नसलेले ‘नामस्मरण करूनही’ म्हणतात, एवढाच फरक.)

त्यातलेच एक गृहस्थ. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. उपासनेत पेटी वाजवायचे. वर्कशॉप बंद पडलं, कर्ज अंगावर आलं आणि रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जाणंही सुटलं.

“लोक विचारतात, कसं चाललंय? मी म्हणतो, प्रभूची कृपा. खोटं बोलायची लाज वाटते, म्हणून जातच नाही.”

“झोप?”

“दोन-तीन तास.”

“आणि प्रार्थना?”

“एकच. प्रभो, माझ्या अविश्वासाची क्षमा कर.”

धीर देणारी वचनं त्यांना माझ्याहून जास्त पाठ होती, म्हणून मी ती दिली नाहीत. सुरुवातीला झोप, जेवण आणि कर्जाचा खरा आकडा कागदावर मांडणं, एवढंच केलं. मग एकदा बायबलमधला 1 राजे, अध्याय 19 मोठ्याने वाचायला सांगितला. कर्मेल डोंगरावर बआल या दैवताच्या संदेष्ट्यांना हरवणारा देवाचा संदेष्टा एलीया, ईजबेल राणीच्या धमकीने रानात पळतो, झुडपाखाली बसतो आणि देवाकडे मरण मागतो.

“देवदूत आधी काय म्हणतो?”

“ऊठ, खा.”

“आणि उपदेश?”

त्यांनी ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचलं. भाकर, पाणी, झोप; परत भाकर. “नाहीच की! रागावलासुद्धा नाही.” मग थोड्या वेळाने, “हा अध्याय मी संडे स्कूलला शिकवलाय, ताई,” म्हणाले आणि खूप रडले.

खचलेला माणूस देवापासून दुरावलेलाच असणार, असं आपण मंडळीत धरून चालतो. एलीयाला ‘तू इथे काय करतोस?’ असा जाब विचारला जातो, पण तो होरेब डोंगरावर, पोटात अन्न गेल्यावर आणि चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर. ‘मी एकटाच उरलो’ या गाऱ्हाण्यावर त्याला कळतं की बआलपुढे न झुकलेले अजून सात हजार लोक शिल्लक आहेत. शिवाय अलीशासारखा सोबती मिळतो. आधी शरीर, मग प्रश्न, मग सोबत. माझ्या कामाचा क्रमही हाच, आणि तो लागू पडतो हे मी अभिमानाने सांगते.

तुमचीही हीच अवस्था असेल, तर क्षमा मागणं थोडं थांबवा आणि गाऱ्हाणं मांडा. बायबलमधलं स्तोत्र 88 वाचा. ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं, तरी पवित्र शास्त्रात आहे. मंडळीतल्या एकालाच, पण खरं सांगा. या गृहस्थांनी आपल्या तबलजीला सांगितलं, आता ते दोघं मिळून बँकेत जातात.

झोप आणि भूक दोन आठवडे हरवली असेल, तर डॉक्टरांना दाखवा. गोळी घेतल्याने विश्वास उणा होत नाही. एलीयासारखं मरण मागावंसं वाटलं, तर त्याच क्षणी घरच्यांना सांगा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. तिथे चोवीस तास, मोफत आणि मराठीतही बोलता येतं.