परिषदेत बसायचं कुणी?

कुडाळकडच्या एक प्राध्यापिका विचारतात: नॅकच्या (कॉलेज-विद्यापीठांची गुणवत्ता तपासणाऱ्या संस्थेच्या) अहवालात ‘शेअर्ड गव्हर्नन्स’ला मराठी शब्द हवा आहे. विद्यापीठाच्या कारभारात शिक्षकांचाही अधिकार असतो, हा अर्थ त्यातून यायला हवा. समितीतल्या एकाने ‘सामयिक शासन’ लिहिलं, दुसऱ्याने ते खोडून ‘सामायिक शासन’ केलं. बरोबर कोणतं?

मॅडम, दोन्ही खोडा.

‘सामयिक’ म्हणजे समयाला धरून असलेलं. प्रवेशाचे दिवस आले की ‘सामयिक प्रवेश परीक्षा’ कानावर पडायला लागते आणि मला घास गोड लागत नाही. परीक्षा घेणाऱ्या कक्षाच्या नावातच ‘सामाईक’ असं स्वच्छ लिहिलेलं आहे, वाचायचं तेवढं बाकी आहे. बरं, ‘सामायिक’, म्हणजे आपला सामाईकच, तो तरी घ्यावा का? आपल्याकडे सामाईक म्हणजे काय ते कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको. सामाईक विहिरीवर पाणी सगळे भरतात, गाळ काढायच्या दिवशी एकेक जण मुंबईला गेलेला असतो. सामाईक कलमाचे आंबे उतरवायला मात्र सातबाऱ्यावरची झाडून सगळी नावं हजर.

राहिलं ‘शासन’. धातू शास्, म्हणजे शिकवणं, हुकूम करणं आणि दंड करणंसुद्धा. ‘शिष्य’ही त्यातलाच. ‘गुन्हेगाराला कडक शासन झालं पाहिजे’ असं आपण अजून म्हणतो. तेव्हा ‘सामायिक शासन’ म्हणजे सगळ्या वर्गाला एकदम अंगठे धरून उभं करणं. प्राध्यापकांना ते नवीन नसेल, पण अहवालात कशाला?

आणि नवा शब्द हवा कशाला, जुना समोर असताना? विद्यापीठाचे शैक्षणिक निर्णय घेणारं मंडळ म्हणून ‘विद्यापरिषद’ रोज लिहिता, त्यातली ‘परिषद’ एकदा फोडून बघा. परि म्हणजे भोवती, सद् म्हणजे बसणं. भोवती बसलेले, ती परिषद. जवळ बसणं ते उपनिषद, एकत्र बसणं ते संसद, बसायची जागा ते सदन. खाली बसत जाणारं मन म्हणजे विषाद आणि गाळ खाली बसून पाणी निवळतं तशी प्रसन्नता म्हणजे प्रसाद. परिषद, विषाद आणि प्रसाद सख्खी भावंडं आहेत, हे मंडळावर काम केलेल्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, सद्‌ला तीन अर्थ दिलेत: झिजून फुटणं, जाणं आणि खचणं. शंकराचार्यांनी तेच घेऊन ‘अविद्येचा नाश करणारी ती उपनिषद’ अशी व्युत्पत्ती लावली. आचार्यांपुढे बोलण्याची माझी प्राज्ञा नाही, तरी ही ओढाताण आहे. गुरूजवळ बसल्याशिवाय अविद्या कुठली जायला! आधी बसणं, मग नाश.

आता माझा लाडका तर्क. सिंधुदुर्गात शिमग्याच्या आधी ‘गाव बसतो’. ‘सभा भरते’ असं कुणी म्हणत नाही, गावच बसतो. देवळाच्या सभामंडपात कुठल्या खांबाशी कुणी टेकायचं ते ठरलेलं. एक मानकरी यायचा राहिला तर नारळ तसाच हातात धरून सगळे थांबतात, कुणीतरी पोराला त्याच्या घरी पिटाळतं. मग गाऱ्हाणं: ‘बा देवा म्हाराजा…’ आणि दर वाक्याला सगळ्यांचं एका सुरात ‘व्हय म्हाराजा!’ माझं म्हणणं असं की ‘परिषद’ या शब्दाचा जिवंत मराठी अनुवाद कुठे उरला असेल तर तो या ‘गाव बसण्या’त. कोशकार ‘परिषद’ या शब्दापुढे ‘सभा, मंडळ, बैठक’ एवढं लिहून मोकळे होतात. भोवती बसणं कुठे गेलं? भोवती बसलं की मध्ये काहीतरी असावं लागतं. गावात मध्ये देव असतो, विद्यापरिषदेत अभ्यासक्रम असायला हवा.

गावातला मान जन्माने येतो आणि कित्येकांना त्या मंडपाची पायरीही चढू दिली नाही. मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायातही परिषद आहे. तिथेही कुणाला बसू दिलं नाही हा कडू विषय आहेच. पण पात्रतेची यादी वाचा. किमान दहा जण: तीन वेदांचे तिघे जाणकार, एक हेतुवादी, एक तार्किक, एक नैरुक्त, एक धर्मपाठक आणि पहिल्या तीन आश्रमांतला एकेक. नैरुक्त! शब्दांच्या व्युत्पत्त्या सांगणाऱ्याला चक्क राखीव जागा! आमच्या घरात अजून ती मिळालेली नाही. गंमत सोडा, पण विद्येच्या प्रश्नावर ज्याची विद्या त्याचा निर्णय, हे त्या यादीतून स्पष्ट दिसतं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 मध्ये अधिसभेवर, म्हणजे विद्यापीठाच्या सिनेटवर, 10 शिक्षक निवडून जातात, प्राचार्य आणि नोंदणीकृत पदवीधरही दहा-दहा. हा दहाचा आकडा मनूकडून आलेला नाही, उगाच कुणी जोडू नये.

मीही एकदा एका अभ्यासमंडळावर होतो. रात्रभर गाडीत बसून गेलो. तिथे लांब टेबल, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, अध्यक्षांकडे. म्हणजे ‘परि’ गेलाच होता. अभ्यासक्रमाचे कागद चहाबरोबर हातात आले. ‘मंजूर?’ ‘मंजूर.’ वीस मिनिटांत उठलो. परतीच्या गाडीत लक्षात आलं, आपण गाऱ्हाण्यालाच जाऊन आलो, फक्त गाऱ्हाणं घातलं नाही, ‘व्हय म्हाराजा’ तेवढं म्हटलं. गाऱ्हाणं हा शब्द संस्कृत गर्हणातला, म्हणजे दोष दाखवणं. कोकणी माणूस देवालाही आधी तक्रार ऐकवतो, मग मागणं मागतो. ते काम शिक्षकांचं होतं.

हां, तुमचा अहवाल. ‘विद्यापीठाच्या कारभारात शिक्षकांचा वाटा’ असं लिहा. ‘सहभाग’ नको, सहभाग प्रभातफेरीतही असतो. वाटा म्हटला की मागता येतो. आणि तुमच्या समितीत ज्यांनी ‘सामयिक’ लिहिलं, त्यांना पुढच्या बैठकीत टेबलाच्या मधोमध बसवा.