'क्वालिटी' हा शब्द मूळचा कुठला? तो तत्त्वज्ञानातून आला हे खरं का?

हो, अगदी खरं. आज आपण कापडाच्या दुकानात सहज 'क्वालिटी चांगली आहे' म्हणतो, पण हा शब्द मुद्दाम घडवलेला आहे, तोही दोनदा.

पहिल्यांदा ग्रीकमध्ये. 'पोइओस' म्हणजे 'कसा, कसल्या प्रकारचा'. त्याला भाववाचक प्रत्यय लावून प्लेटोने 'थिएटेटस' या संवादात 'पोइओतेस' शब्द वापरला. सरळ मराठी करायचं तर 'कसेपणा'! तिथे सॉक्रेटिस स्वतःच म्हणतो, की हा शब्द तुला विचित्र वाटत असेल.

पुढे इ.स.पू. ४५ मध्ये रोमन वक्ता आणि लेखक सिसेरो ग्रीक विचार लॅटिनमध्ये आणत होता. त्याने तीच युक्ती केली: 'क्वालिस' म्हणजे 'कसा', त्यावरून 'क्वालितास'. ग्रीकांतही हा शब्द सामान्यांचा नाही, तत्त्वज्ञांचा आहे, असं त्याच्या ग्रंथात लिहिलेलं आहे. एका परक्या कल्पनेसाठी आपल्या भाषेत जागा करायची ही धडपड मला फार मोलाची वाटते. पुढे फ्रेंचमधून तो इंग्रजीत गेला. 'क्वांटिटी'ही तशीच, 'क्वांतुस' म्हणजे 'किती' यावरून.

आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट: लॅटिनचा 'क्व', 'पोइओस'मधला 'प' आणि आपल्या 'कोण', 'कसा', 'किती' यांतला 'क' हे तिन्ही एकाच प्राचीन प्रश्नार्थक ध्वनीतून आलेत. 'क्वालिटी' म्हणताना आपण नकळत 'कसा?' असंच विचारत असतो.