लूक १४:२६ मधला ‘द्वेष’

बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानातल्या चौदाव्या अध्यायाबद्दल एका वाचकाने विचारले आहे. तिथे येशू म्हणतो की जो माझ्याकडे येतो आणि आपले आईबाप, बायकोमुले, भाऊबहिणी यांचा, इतकेच काय स्वतःच्या जिवाचाही द्वेष करत नाही, त्याला माझा शिष्य होता येत नाही. मग आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेचे काय? मराठी भाषांतर चुकले आहे का?

भाषांतर चुकलेले नाही. मूळ ग्रीक वाक्यात ‘मिसेओ’ हे क्रियापद आहे आणि त्याचा नेहमीचा अर्थ द्वेष करणे हाच आहे. पण हेच क्रियापद लूकच्या सहाव्या अध्यायातही आले आहे : जे तुमचा द्वेष करतात त्यांचे बरे करा. वैऱ्याचेही भले करायला सांगणारा गुरू जन्मदात्या आईचे वाईट चिंतायला सांगेल, हे पटण्यासारखे नाही. तेव्हा शब्द तोच असला तरी तो इथे कोणत्या अंगाने आला आहे, हे पाहायला हवे.

शुभवर्तमान ग्रीकमध्ये लिहिले गेले, पण येशू बोलायचा अरामी, आणि त्याच्या बोलण्यामागे हिब्रू शास्त्राची वळणे होती. हिब्रूत प्रीती आणि द्वेष हे शब्द पुष्कळदा जोडीने येतात. दोघांपैकी एकाला पुढे केले की मागे राहिलेल्याला ‘द्वेष’ लागू होतो. त्या शास्त्रातल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाचा २९वा अध्याय काढून पाहा. याकोबाच्या दोन बायका, लेआ आणि राहेल, सख्ख्या बहिणी. तिसाव्या वचनात म्हटले आहे की याकोबाची राहेलीवर लेआपेक्षा अधिक प्रीती होती. लगेच एकतिसाव्या वचनात लेआसाठी शब्द येतो ‘सनुआ’, म्हणजे अक्षरशः जिचा द्वेष केला जातो ती. याच लेआला याकोबापासून सहा मुलगे आणि एक मुलगी झाली! तो तिचा वैरी नव्हता. तिचा मान दुसरा होता, एवढेच.

मराठी पवित्र शास्त्रात या ठिकाणी लेआला ‘नावडती’ म्हटले आहे, आणि मला ही निवड फार मोलाची वाटते. आवडती-नावडतीच्या कहाण्या ऐकलेल्या, ‘नावडतीचे मीठ अळणी’ म्हणणाऱ्या माणसाला या हिब्रू शब्दावर टीप लागत नाही. त्याच शास्त्रातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या २१व्या अध्यायातला नियमही अशाच दोन बायकांबद्दल आहे : थोरला मुलगा नावडतीचा असला, तरी वारशातला दुप्पट वाटा त्यालाच द्यायचा. आता महत्त्वाची गोष्ट अशी, की हिब्रू शास्त्राच्या जुन्या ग्रीक भाषांतरात या दोन्ही ठिकाणी ‘मिसेओ’ हेच क्रियापद आहे. ते भाषांतर लूकच्या चांगल्या परिचयाचे होते. मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात (१०:३७) तर तीच शिकवण उलगडून मांडली आहे : जो माझ्यापेक्षा बापावर किंवा आईवर अधिक प्रीती करतो, तो मला योग्य नाही.

म्हणजे ‘द्वेष’ याचा अर्थ ‘थोडी कमी प्रीती’ असा लावून मोकळे व्हायचे का? तेही मला मान्य नाही. येशूमागे मोठा जमाव चालला होता आणि तो वळून त्यांच्याशी हे बोलला. लगेच पुढे दोन दाखले आहेत. बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. वीस हजारांची फौज घेऊन येणाऱ्याशी दहा हजारांनिशी लढता येईल का, याचा राजा आधी विचार करतो. मागे येणाऱ्यांनी आधी किंमत ओळखावी म्हणून शब्द मुद्दाम कठोर आहे. यादीच्या शेवटी स्वतःचा जीव आहे, आणि तिथेच कळते की प्रश्न रागलोभाचा नाही. दोन्ही राखता येणार नाहीत अशी वेळ आली, तर माणूस कोणाला सोडेल, हे येशू विचारतो आहे. आईबापांकडे पाठ फिरवण्याची मुभा त्यात नाही. आईबापांच्या वाट्याचे धन ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, असे सांगून त्यांना मदत नाकारणाऱ्यांना त्यानेच मार्काच्या सातव्या अध्यायात खडसावले आहे.

आपल्याकडे ही किंमत काय असते ते नारायण वामन टिळकांच्या घराने पाहिले. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पत्नी लक्ष्मीबाईंशी ताटातूट झाली. पुढे दोघे पुन्हा एकत्र आले आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. ताटातुटीच्या त्या वर्षांत टिळकांच्या मनात पत्नीविषयी वैर होते, असे कोणी म्हणणार नाही. पण घर सोडावे लागले, हेही तितकेच खरे.

राहिला मराठी शब्दाचा प्रश्न. लेआला शोभणारा ‘नावडती’ इथे चालत नाही, कारण ‘आईबापांना नावडते करणे’ असे कोणी बोलत नाही. ‘तिरस्कार’ तर नकोच. त्यात तुच्छता येते, आणि ती मूळ वाक्यात नाही. माझ्या मते मजकुरात ‘द्वेष’ तसाच ठेवावा आणि पानाच्या तळाशी उत्पत्ती २९:३०-३१ पाहा, एवढी टीप द्यावी.