हेंबा मुखवटे बघायला सुरुवात करताय? आधी एवढंच करा

हेंबा म्हणजे आफ्रिकेतल्या काँगोमधले लोक, हे त्यांचे लाकडी मुखवटे. पहिली गोष्ट, लगेच विकत घ्यायला धावू नका. ऑनलाइन जे 'जुना हेंबा मास्क' म्हणून विकतात त्यातलं बरंच काही टुरिस्टांसाठी केलेलं असतं, धूर देऊन काळं केलेलं. आधी भरपूर बघा, म्युझियमच्या साइटवर फोटो फुकट आहेत, बेल्जियममधल्या तेरव्यूरेनच्या आफ्रिका म्युझियमपासून सुरू करा.

मग सोको मुटू या एकाच प्रकारावर थांबा. काँगोच्या आग्नेय भागातला, अर्धा माणूस अर्धा चिंपांझी असा चेहरा, आणि कानापर्यंत ताणलेलं चंद्रकोरीसारखं तोंड. नवीन माणूस हमखास इथेच फसतो, त्याला वाटतं हसतोय, गोड आहे. अहो ते हसू नाहीये! हा मुखवटा मयताच्या विधीत येतो, लोकांच्या, त्यातही पोरांच्या मागे धावतो, घाबरवतो, मरणाने सगळी घडी विस्कटते ना ते तो अंगाने दाखवतो, आणि नंतर पुन्हा येतो तेव्हा नाचतो.

अजून दोन चुका टाळा:
- नुसतं लाकूड बघू नका. माकडाचं केसाळ कातडं, सालीचं कापड, हे सगळं मिळून तो मुखवटा होतो. छोटे मात्र वेगळे, ते घरात रक्षणासाठी टांगायचे.
- जुन्या लेबलांवर डोळे झाकून विश्वास नको. १९७० च्या दशकापर्यंत हेंबांचं काम सर्रास 'लुबा', म्हणजे शेजारच्या लुबा लोकांचं, म्हणून खपायचं.

पूर्वजांच्या पुतळ्यांकडे, शैलींच्या वर्गीकरणाकडे सध्या वळूच नका, डोकं फिरेल. पाच-सहा मुखवटे निवडा आणि फक्त भुवया नि तोंडाची रेघ वहीत काढत बसा.