विंडोज अपडेटनंतर डीव्हीडी ड्राइव्ह गायब: ट्रे उघडतो, पण ‘धिस पीसी’मध्ये काहीच नाही

ट्रे उघडतो म्हणजे ड्राइव्हला वीज मिळते, एवढंच. डेटाची केबल वेगळी असते. म्हणून आधी बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणारा संगणकाचा सेटिंग्जचा पडदा, उघडा. तिथेही नाव नसेल तर दोष अपडेटचा नाही. म्हापशात पावसाळ्यातल्या दमट, खाऱ्या हवेत साटा केबलच्या (हीच ती डेटाची केबल) पिना काळवंडतात. संगणक बंद करून केबल काढा, पुन्हा घट्ट बसवा, नाहीतर बदला.

बायोसमध्ये दिसतोय? मग डिव्हाइस मॅनेजर बघा. ड्राइव्हवर पिवळा त्रिकोण आणि कोड १९, ३९ किंवा ४१ असेल, तर बहुतेकदा जुन्या डिस्क-बर्निंग सॉफ्टवेअरने सोडलेले फिल्टर, म्हणजे ड्राइव्हच्या ड्रायव्हरला जोडलेले जादा ड्रायव्हर, आड येतात. रेजएडिट, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदी (रजिस्ट्री) बदलायचं साधन, उघडा: एचकेईवाय लोकल मशीन, सिस्टीम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, क्लास. त्यात ‘४डी३६ई९६५’ने सुरू होणारी की (नोंदींचा फोल्डर) निवडा. उजवीकडे ‘डीव्हीडी/सीडी-रॉम’ लिहिलंय ना, हे नक्की बघा. शेजारच्या कीज हुबेहूब दिसतात आणि ‘४डी३६ई९६७’ ही हार्ड डिस्कची आहे; तिथे हात लावलात तर विंडोज सुरूच होणार नाही. आधी की एक्स्पोर्ट करून ठेवा. मग ‘अप्परफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ एवढेच दोन काढा, संपूर्ण की नव्हे. दोन्हींपैकी एकच असेल तर तेवढाच. रीस्टार्ट करा. नंतर बर्निंगचं सॉफ्टवेअर चाललं नाही तर ते पुन्हा इन्स्टॉल करावं लागेल.

त्रिकोण नाही, तरी ड्राइव्ह दिसत नाही? डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्याला ड्राइव्हचं अक्षर (‘डी:’ सारखं) द्या.