पाळी ‘आली नाही’ की बाहेर पडली नाही?

जन्मतः गर्भाशयाच्या किंवा योनीमार्गाच्या रचनेत फरक असलेल्या मुलींबद्दलची पत्रं वर्षभर येतात, आणि बहुतेकांत तोच घोळ असतो. म्हणून ही उत्तरं एकत्र.

प्रश्न : सोनोग्राफीत पिशवी मागे वळलेली आली. जन्मदोष आहे का?

नाही. रिपोर्ट कपाटात ठेवा.

प्रश्न : मुलगी साडेचौदा वर्षांची. अंगानं भरली, पण पाळी नाही. दर महिन्याला चार दिवस ओटीपोटात कळा येतात, या वेळी लघवीही अडली. सासूबाई उष्णता म्हणतात.

‘दर महिन्याला’ हे तुम्हीच लिहिलंय, उत्तर त्यातच आहे. पाळी बहुधा येतेय, बाहेर पडत नाहीये. योनीच्या तोंडाशी पडदा पूर्ण बंद असला की रक्त आत साचतं, त्याचा फुगा मूत्रमार्गावर दाबतो आणि लघवी तुंबते. अशा मुलींना जंताचं औषध मिळतं, मुतखड्याचं मिळतं. अपेंडिक्स काढून आलेलीही मी पाहिली आहे. खाली कुणी पाहिलेलंच नसतं! आई शेजारी असताना, आत बोटही न घालता नुसतं पाहिलं तरी निळसर फुगलेला पडदा बऱ्याचदा दिसतो. पोटावरून सोनोग्राफी करायची. पडदाच असेल तर भूल देऊन छेद. काकवीसारखं काळपट, घट्ट रक्त वाहून जातं. पण अडथळा वर असेल, जाड आडवा पडदा असेल, तर एमआरआयशिवाय सुरी लावू देऊ नका. सुईनं रक्त ओढून देतो म्हणणाऱ्यालाही नाही सांगा; ते पुन्हा साचतं आणि जंतू आत जातात. ‘पडदा कापला तर लग्नाचं काय?’ हा प्रश्न मला आई नव्हे, आत्याच विचारतात. उशीर केला तर रक्त नळ्यांतून उलटं पोटात जातं, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर पोटात रुजणं) होऊ शकतो. लघवी अडलीय, तेव्हा आजच दाखवा.

प्रश्न : भाचीची पाळी नियमित आहे, पण दुखणं वाढतच चाललंय. तिला जन्मतः एकच किडनी आहे. संबंध असेल?

असू शकतो. किडनी आणि गर्भाशय गर्भात शेजारी-शेजारी घडतात. दोन पिशव्या, दोन मार्ग आणि त्यातला एक बंद, अशी रचना असते. उघड्या बाजूनं पाळी येते म्हणून सगळे निर्धास्त राहतात, बंद बाजूला मात्र रक्त साचत जातं. स्त्रीरोगतज्ज्ञाला किडनीचं आधी सांगा. एमआरआय लागेल.

प्रश्न : मुलगी अठराची, सोनोग्राफीत गर्भाशय दिसलं नाही. एकानं पिशवी वाढवायचा सहा महिन्यांचा कोर्स सांगितलाय.

नसलेली पिशवी औषधानं उगवत नाही. पैसे देऊ नका. सुमारे पाच हजारांत एका मुलीत असं असतं. बीजकोश सहसा उत्तम असतात. आधी एमआरआय, गुणसूत्रांची तपासणी आणि किडन्यांची सोनोग्राफी. योनीमार्ग आखूड असला तर डायलेटरनं (गुळगुळीत दांडीसारखं साधन) हळूहळू वाढवता येतो, ऑपरेशन नंतरचा विचार; तेही तिला स्वतःला हवं तेव्हा, लग्न ठरलं म्हणून घाईत नव्हे. स्वतःच्या बीजापासून सरोगसीचा मार्ग 2021 च्या कायद्याच्या अटींत बसून आहे. पुण्यात 2017 मध्ये गर्भाशय प्रत्यारोपणही झालं, पण ते मोठं ऑपरेशन आहे. समुपदेशक असलेलं केंद्र गाठा, आणि तिच्याशी बोला, तिच्याबद्दल नको.

प्रश्न : दोन गर्भपात झाले. एचएसजीत (पिशवीत औषध सोडून काढलेला एक्स-रे) पिशवी दुभंगलेली दिसली. पुढच्याच आठवड्यात दुर्बिणीनं पिशवीतला मधला पडदा कापू म्हणतात.

थांबा. एचएसजीत पिशवीची फक्त आतली बाजू दिसते. बाहेरून ती सपाट आहे की दोन शिंगांची, हे थ्रीडी सोनोग्राफी किंवा एमआरआय सांगते. दोन शिंगांच्या पिशवीत पडदा समजून कापलं तर ती फाटू शकते. पडदाच निघाला, तरी 2021 च्या एका छोट्या तुलनात्मक चाचणीत कापल्यानं मूल होण्याचं प्रमाण वाढलं नाही, म्हणून दुसरं मत घ्याच. गर्भपाताची इतर कारणं तपासली का, तेही विचारा.